छापून येईपर्यंत

अकोल्याच्या एका महाविद्यालयात दर हिवाळ्यात संशोधन करणाऱ्या मुलामुलींसाठी दिवसभराची कार्यशाळा असते. जेवणानंतरचं सत्र बरीच वर्षं माझ्याकडे आहे. शोधनिबंध कसा छापावा आणि त्याच्या जोरावर नोकरी कशी मिळवावी, हा विषय. भरल्या पोटी बसलेल्या मुलांना पाल्हाळ नको असतो, म्हणून मी एकामागून एक मुद्दे देते आणि तासाच्या आत आटोपते. नियतकालिक आधी निवडा, लेख मग लिहा. शीर्षकात जागेचं नाव घाला, त्याने लेख शोधणाऱ्याला सापडतो. परीक्षकाशी वाद घालू नका, तो मागेल ते द्या. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून: निकाल छापून येईपर्यंत कुणाला सांगायचे नाहीत. नवऱ्याला नाही, बायकोला नाही, आईलासुद्धा नाही. इथे मुलं हसतात. पेंगुळलेली जागी होतात. माझं सत्र चांगलं होतं असं आयोजक म्हणतात, त्यात या वाक्याचा वाटा मोठा होता.

गेल्या हिवाळ्यात हे वाक्य म्हटलं तेव्हा सगळे हसले. शेवटच्या रांगेत बसलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी हसली नाही.

ती आता अकोल्यातच शिकवते. तिची पीएचडी माझ्याकडे, अमरावतीत झाली. पाण्यात आणि मातीत फवारणीची औषधं किती उतरतात आणि पुढे त्यांचं काय होतं, हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. ती वरुडकडच्या संत्र्याच्या पट्ट्यातली, घरची बाग असलेली. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लेखाच्या शीर्षकात लिहून झालं आहे, तेवढं पुरे.

विषय तिनेच आणला होता. त्यांच्या गल्लीच्या टोकाला सगळ्यांची एक विहीर आहे. फवारणीच्या दिवसांत माणसं पंप तिथेच भरायची आणि काम झालं की ओट्यावरच धुवायची. नळाचा भरवसा नसल्यामुळे गल्ली पिण्यालाही तेच पाणी वापरायची. लहानपणापासून पाहिलेली ही गोष्ट शहरात येऊन चार पुस्तकं वाचल्यावर तिला खटकली, आणि ती माझ्याकडे आली. मला तो विषय फार आवडला. साधा, नेमका, दोन वर्षांत उरकणारा.

पहिले आकडे आले त्या दुपारी मी टेबलावर डबा उघडला होता. तिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि उभी राहिली. कीटकनाशकाचा अंश पिण्याच्या पाण्यात चालतो त्या मर्यादेच्या बराच वर होता. मी कागद पाहिला आणि म्हणाले, "छान."

हा शब्द मी उच्चारला हे मी नंतर विसरले होते. तिने अकोल्यात आठवण करून दिली. रागाने नाही, सांगण्याच्या ओघात. पण तेव्हा मला ते खरोखरच छान वाटलं होतं. मर्यादेच्या खालचे आकडे कुणी छापत नाही. वरचे आले की प्रबंध उभा राहतो.

"मॅडम, घरी सांगू का?" तिने विचारलं.

मी सांगितलं, आत्ता नाही. एका चाचणीवर गावभर बोंब करायची नसते. पुन्हा नमुने घे, पुन्हा तपासू. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण पुन्हा तपासलं तेव्हाही आकडे तेच आले, आणि मी तेव्हाही थांबायलाच सांगितलं. आता कारणं वेगळी होती. गावात कळलं की वर्तमानपत्रात येणार, मग सरकारी कार्यालयातून पत्रं येणार, कुणीतरी दुसऱ्या प्रयोगशाळेतला माणूस बाटल्या घेऊन जाणार आणि आपल्या आधी छापून मोकळा होणार. तुझी दोन वर्षं पाण्यात. हे मी तिला समजावून सांगितलं. काही महिन्यांचाच तर प्रश्न आहे, असंही म्हणाले. तिने मान हलवली. ती वाद घालणारी मुलगी नव्हती, आणि हा तिचा गुण आहे असं मी तिच्या शिफारसपत्रात लिहिलेलं आहे.

काही महिने लांबत गेले. पहिल्या नियतकालिकाने लेख बराच काळ ठेवून परत केला. दुसऱ्याच्या परीक्षकाने पावसाळ्यानंतरचे आणखी नमुने मागितले. तो मागेल ते द्या, हा माझाच मुद्दा. मी तपकिरी काचेच्या बाटल्या धुऊन, वाळवून, चिठ्ठ्या चिकटवून तिच्या हाती दिल्या आणि तिला वरुडच्या बसमध्ये बसवून दिलं. ती दुसऱ्या दिवशी भरलेल्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घेऊन परत आली. सगळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी, एकही बाटली फुटली नव्हती. मी तिचं कौतुक केलं.

लेख छापून आला. चांगल्या ठिकाणी आला. त्याच्या बळावर तिला अकोल्याची जागा मिळाली आणि मी स्वतःवर खूश झाले. ओळखीच्या एका वार्ताहराला मीच फोन करून बातमी दिली. कामाचा उपयोग लोकांना व्हावा, असं त्याला म्हणाले. गावाच्या नावासकट बातमी आली. गल्लीतल्या लोकांना आपल्या विहिरीत काय आहे ते वर्तमानपत्रातून कळलं. ग्रामपंचायतीने विहिरीवर पाटी लावली, पंप धुणं बंद झालं, पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय झाली. माझ्या हिशेबी प्रकरण उत्तम रीतीने संपलं होतं.

त्या सुमारास तिचा एकदा फोन आला होता. म्हणाली, मॅडम, शेजारच्या काकू आईशी बोलत नाहीत. मी म्हटलं, गावात असं होतं, जरा दिवस जाऊ दे, तू नोकरीकडे लक्ष दे. मला त्या वेळी कुठल्यातरी बैठकीला जायचं होतं.

तर ही मुलगी शेवटच्या रांगेत होती आणि हसली नाही. सत्र संपल्यावर ती मला स्कूटरवरून स्टेशनवर सोडायला आली. अमरावतीला परतायला बडनेऱ्याची गाडी धरायची होती, तिला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो. मी तिला विचारलं, तब्येत बरी आहे ना. ती म्हणाली, बरी आहे. मग म्हणाली, "मॅडम, ते आईचं वाक्य तुम्ही आता काढून टाका." आणि तिने सगळं सांगितलं.

तिने गुपित पाळलं होतं, पण पुरतं नाही. आकडे आल्यावर पहिल्यांदा घरी गेली तेव्हा तिने आईला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, विहिरीचं पाणी पिऊ नको, बाबांनाही देऊ नको, आणि का ते कुणाला सांगू नको, माझी डिग्री अडकेल. घरी फिल्टरच्या पाण्याची कॅन सुरू झाली. गल्लीत कुणाच्याच घरी कॅन येत नव्हती, तेव्हा कारण द्यावं लागलं. आईने सांगितलं, मला मुतखडा झाला आहे, डॉक्टरने विहिरीचं पाणी बंद केलं.

शेजारच्या काकूंनी ते खरं मानलं. या काकू म्हणजे दोन घरांमध्ये एकच भिंत असलेल्या. ही मुलगी लहानपणी अर्धा दिवस त्यांच्याच चुलीपाशी असायची. मुतखडा म्हटल्याबरोबर त्यांनी कुळीथ भिजत घातले आणि दुसऱ्या दिवसापासून कुळथाचं कढण करून गंजात, म्हणजे झाकणाच्या उभ्या पातेल्यात, घेऊन येऊ लागल्या. रोज. विहिरीच्या पाण्यात केलेलं.

"आणि आई?" मी विचारलं.

"आई ठेवून घ्यायची," ती म्हणाली.

मी समजले, ठेवून घ्यायची आणि मागून ओतून द्यायची. पुढे काही विचारलं नाही.

तिला मात्र आणखी सांगायचं होतं. परीक्षकाने मागितलेले नमुने घ्यायला ती गेली त्या सकाळी काकू विहिरीवरच होत्या. कॉलेजच्या कामाला पाणी पाहिजे म्हटल्यावर त्यांनी स्वतःची बादली ओढून तिच्यापुढे धरली, बाटल्या वाकून भरू नको, तोल जाईल म्हणाल्या. तिने त्या बादलीतून नमुना घेतला. उरलेल्या पाण्याने काकूंनी चूळ भरली, दोन ओंजळी प्यायल्या आणि घागर डोक्यावर घेऊन गेल्या. ती तिथेच उभी राहून चिठ्ठीवर वेळ लिहीत होती.

बातमी आल्यावर काकूंना काही समजून घ्यायला वेळ लागला नाही. कॅन कधी सुरू झाली, लेख कधी आला, मुतखडा कुठे गेला. त्यांनी भांडण केलं नाही. फक्त येणं बंद केलं. भिंतीपलीकडून आवाज येतो, खोकला येतो, टीव्ही ऐकू येतो, पण हाक येत नाही. आईने तेव्हापासून कुणाकडे जाणं सोडलं होतं. "मी घरी गेले की आई दार लावून घेते," ती म्हणाली. "आमच्या गल्लीत दिवसा कुणी दार लावत नाही."

गाडी आली. मी चढताना तिला सांगितलं, येत्या रविवारी आपण दोघी जाऊ.

तोपर्यंतच्या दिवसांत मी एक काम केलं. आम्ही ज्या नियतकालिकांना लेख पाठवतो त्यांचे लेखकांसाठीचे नियम पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचले. एरवी मी समासापासून संदर्भांपर्यंत सगळं तपासते, पण जे ठाऊक आहे असं वाटतं ते कोण वाचतं? लोकांच्या आरोग्याला धोका असेल तर त्यांना आधी कळवायला कुणाचीही हरकत नव्हती. काहींनी तर तसं स्पष्ट लिहिलं होतं. मी ज्याला पद्धत म्हणत होते ती माझ्या स्वतःच्या गाइडने मला सांगितली होती, आणि मी ती पुढच्या सगळ्या मुलांना देत आले होते. तिच्याआधीच्या कुठल्या कुठल्या विद्यार्थ्यांना मी गप्प बसवलं, ते आठवत बसले. काही विहिरी होत्या, एक तलाव होता, एका गावचे मासे होते. कुणी घरी सांगितलं असेल, कुणी नसेल. मी कुणालाच कधी विचारलं नव्हतं.

रविवारी बसमध्ये मी मुद्दे जुळवले. सवयच आहे. आधी क्षमा मागायची. मग सांगायचं की अंश पाण्यात होता, फळाचा प्रश्न वेगळा आहे. मला वाटत होतं की संत्र्याच्या भावावरून राग निघेल, बदनामी झाली म्हणतील. त्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

काकू साठीच्या आसपासच्या. अंगणात गवार मोडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणून मांडल्या आणि आत गेल्या. ट्रेमध्ये कपबशा घेऊन आल्या, एक मला, एक तिला. तिचा चेहरा पडला ते मी पाहिलं, कारण मात्र परतताना कळलं. त्या घरात ती आजवर खुर्चीवर बसली नव्हती. चहा लागला तर आत जाऊन हातानं गाळून घ्यायची.

मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, मी हिची गाइड. यात तिचा दोष नाही. कुणाला सांगू नको असं मीच तिला सांगितलं होतं. ती माझ्या शब्दाबाहेर गेली नाही, एवढंच.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमाले आमी माईत नव्हतो, मॅडम. तिले होतो."

माझे पुढचे मुद्दे तिथेच राहिले. संत्र्याचा विषय कुणी काढलाच नाही.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं. सुनेला मूल झालं ते त्याच महिन्यांत. वरच्या दुधात तेच पाणी घातलं. "त्याले काई होईन का?"

मी उत्तर दिलं. मर्यादा कशी ठरवतात, ती मुद्दाम किती खाली ठेवलेली असते, इतक्या थोड्या काळात सहसा काही दिसून येत नाही, तरी लहान मुलाच्या बाबतीत खात्रीने बोलणं अवघड असतं. हे मी वर्गात नीट समजावते. काकू माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"म्हंजे तुमाले माईत नाई."

"नाही," मी म्हणाले. "पण त्याला डॉक्टरकडे दाखवू. अमरावतीला मी सोबत येते."

त्यांनी गवारीचं सूप पुढे ओढलं आणि शेंगा मोडू लागल्या. मग प्रथमच त्या मुलीशी बोलल्या, तिच्याकडे न पाहता.

"पान्याचं जाऊ दे. इहीर कोनाची एकट्याची नाई. पन म्या रोज कढन आनत होती. रोज इचारत होती, बाई, बरं वाटून राहिलं का? हाव म्हने, उतार हाये. अन् मी गेली का मोरीत ओतत असन. हसत असन का नाई तुमी मायलेकी? काय येडी बाई हाये म्हनून."

ती मुलगी खुर्चीवरून उठून खाली त्यांच्यासमोर बसली. म्हणाली, "काकू, आईनं ओतलं नाही."

"मंग काय केलं?"

"प्याली."

काकूंचे हात थांबले.

"म्या सांगतलं होतं ओतून देजो म्हणून," ती म्हणाली. "फोनवर रोज विचारत होती मी. ओतलं म्हणे. मंग बातमी आली, तुमी येणं सोडलं, तवा रडत रडत सांगतलं तिनं. म्हणे, तिच्या हातचं मोरीत कसं ओतू? अर्धं बाबा मागत होते चवीनं, त्याईले नाही दिलं. पूरं आपणच प्याली."

"माईत असून?"

"हाव."

"मुतखडा नव्हता न तिले?"

"नाही."

मला एवढंच समजत होतं की ज्या एका घराला तरी या पाण्यापासून वाचवलं असं मी आठवडाभर स्वतःला सांगत होते, तेही वाचलं नव्हतं. माझ्या एका सूचनेपायी एक बाई खोटा आजार घेऊन बसली आणि त्याचं औषध म्हणून जाणूनबुजून तेच पाणी पीत राहिली. शेजारणीला नाही म्हणायचं तर खरं कारण सांगावं लागलं असतं, आणि ते छापून यायचं होतं.

"येडी बाई," काकू शेवटी पुटपुटल्या. या वेळी स्वतःबद्दल नाही. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माह्या गंज तिकडंच हाये अजून. शेवटचा नेला तो. मायले म्हना, पाठवून दे."

आम्ही निघालो. भिंतीपलीकडच्या घरी मी पाच मिनिटं टेकले. तिच्या आईने माझे पाय धरायला वाकू पाहिलं, मी तिला अडवलं आणि कुठे पाहावं ते मला कळेना. ती म्हणाली, तुमच्यामुळे पोरीचं भलं झालं. गंज स्वयंपाकघरात फळीवर होता, घासून पालथा घातलेला. मी म्हटलं, काकूंनी मागितला आहे. आई तो उतरवायला गेली नाही.

बुधवारी अकोल्याहून तिचा फोन आला. मला वाटलं सुनेच्या बाळाचं काही, कारण तोवर त्याची तपासणी ठरली होती. तसं नव्हतं. गंज अजून घरीच होता. भांडं रिकामं परत करायचं नसतं आणि त्यात काय घालावं हे आईला सुचत नव्हतं. संत्री काकूंच्या घरी आहेतच. साखर घातली तर परक्यासारखं दिसेल. गोडाचं करावं तर कोणत्या तोंडाने, आणि तिखटमिठाचं केलं तर काकू खातील का, हाच प्रश्न. "मॅडम, काय पाठवावं, तुम्हीच सांगा," ती म्हणाली. इतकी वर्षं तिने मला असंच विचारलेलं आहे. लेख कुठे पाठवू, अर्ज कुठे पाठवू. मी प्रत्येक वेळी लगेच सांगितलं.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली.

पुढचं तिने मागाहून सांगितलं. शनिवारी ती गावी गेली. आईने कुळीथ भिजवले होते. नव्या पाण्यात कढण केलं, गंजात भरलं, आणि मुलीच्या हाती न देता डोक्यावर पदर घेऊन स्वतः गेली. ही मागून. दार उघडंच होतं. काकूंनी गंज घेतला, झाकण काढून वास घेतला आणि आत नेला. मायलेकी उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. वाट्या काढत होत्या.

"मिठाचा हात तसाच हाये तुह्या, जास्तीचा," काकू आतून म्हणाल्या. "उभ्या काहून राहिल्या?"

मी ऐकलं आणि मला फार हलकं वाटलं. त्या हलकेपणाची मला लाज वाटली, कारण त्यात माझं काहीच नव्हतं. त्या तिघींनी ते आपापसांत निस्तरलं. बाळाच्या तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टरने वर्षभराने पुन्हा दाखवायला सांगितलं आहे आणि ते माझ्या नोंदवहीत आहे. काकूंनी मला अजून माफ केलेलं नाही, निदान तसं कुणी मला सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

या हिवाळ्यात अकोल्याचं सत्र पुन्हा मी घेतलं. शेवटचा मुद्दा बदलला. ज्याचं पाणी त्याला आधी सांगा, पडताळणी होताच सांगा, लेख नंतर पाठवा. एका मुलाने हात वर करून विचारलं, तोवर दुसऱ्याने छापलं तर? मी म्हटलं, छापू दे. या वेळी कुणी हसलं नाही, बरीचशी पेंगत होती. त्या मुलाने वहीत काही लिहून घेतलं नाही, ते मी पाहिलं.